डुक्कर शिंकलं!

काम फिसकटलं की ‘कुठं माशी शिंकली कोण जाणे’ म्हणायची आपल्याकडे सोय आहे. शिंकणारी माशी आजवर कुणी पाहिलेली नाही, पण तिच्या माथी खापर फोडायला कुणाचीच ना नसते. २००९ साली या माशीला पहिल्यांदा रजा मिळाली. त्या वर्षी डुक्कर शिंकलं, तेही पार मेक्सिकोत, आणि चार महिन्यांत त्याचे तुषार आमच्या पुण्याच्या कर्वे रस्त्यापर्यंत येऊन पोचले.

डुकराची बाजू कुणी ऐकून घेतली नाही, हेही खरं. विषाणू डुकरांच्या फ्लूच्या वंशातला असला, तरी एकदा माणसांत आल्यावर तो माणसाकडून माणसाकडेच चालला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं ३० एप्रिललाच सांगून टाकलं, की यापुढं या आजाराला इन्फ्लुएन्झा ए (एच१एन१) म्हणा. आता हे प्रकरण दोन कॉलमी मथळ्यात बसवायचं कसं? वृत्तपत्रांनी ते कंसात टाकलं आणि मथळ्यात ‘स्वाईन फ्लू’मधल्या डुकराला कायम ठेवलं. तिकडं इजिप्तमध्ये एकही रुग्ण नसताना सरकारनं देशातली यच्चयावत डुकरं मारायचा हुकूम काढला. त्याहून मौज काबूलला झाली. तिथल्या प्राणिसंग्रहालयात चीननं भेट दिलेलं एक डुक्कर होतं. सबंध अफगाणिस्तानात माहीत असलेलं ते एकमेव डुक्कर. एरवी हरणं-बकऱ्यांच्या संगतीत चरणारं हे जनावर उचलून वेगळ्या खोलीत कोंडलं गेलं, कारण बघायला येणाऱ्यांना भीती वाटत होती. ज्याला दुसरं डुक्कर जन्मात भेटायची शक्यता नाही, त्याला डुकरांचा आजार कुठून होणार, हे विचारायला त्याच्या बाजूनं वकील कोण देणार?

आम्ही हे सगळं टीव्हीवर बघत होतो आणि चहाबरोबर हसत होतो. कारण तोवर हा आजार परका होता, आणि परका होता म्हणून त्याला मान होता. १६ मे रोजी हैदराबादेत देशातला पहिला रुग्ण सापडला, तोही अमेरिकेहून आलेला. विमानतळावर उतरणाऱ्यांकडून अर्ज भरून घेत होते. मुंबई-पुणे शिवनेरीनं प्रवास करणाऱ्याला सर्दी झाली तर ती सर्दीच असायची. स्वाईन फ्लूला पासपोर्ट लागत होता. आमच्या समोरच्या काकूंचा मुलगा न्यू जर्सीत असतो. ‘याच्या ऑफिसात दोघांना झालाय म्हणे,’ असं त्यांनी जिन्यात सांगितलं तो सूर मला ओळखीचा वाटला. आदल्या वर्षी त्यांनी त्याचं ग्रीन कार्ड याच सुरात सांगितलं होतं. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनं महासाथ जाहीर केली, त्या दिवशी आमच्या सोसायटीत चर्चेला विषय होता तो पाण्याच्या टाकीचा.

३ ऑगस्टला चित्र पालटलं. पुण्यातली १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी या आजारानं गेली. देशातला हा पहिला बळी. त्या घरावर जे कोसळलं त्यात हसण्यासारखं काही नाही. पण त्या रात्रीपासून शहरात जे सुरू झालं, त्याचा त्या घराशी फारसा संबंधच उरला नाही. दुःख त्यांचं होतं, थाटमाट टीव्हीचा होता.

चोवीस तास चालणाऱ्या मराठी बातम्यांच्या वाहिन्या तेव्हा जेमतेम दोनेक वर्षांच्या होत्या. राज्यात रोज घडणाऱ्या बातम्या ताणून ताणून दोन तास पुरायच्या, उरलेल्या बावीस तासांचं काय करायचं हा त्यांच्यापुढचा यक्षप्रश्न होता. तो एका रात्रीत सुटला. संसर्गजन्य रोगांसाठीच असलेल्या नायडू रुग्णालयाबाहेर, जिथं एरवी चहाची गाडी आणि रिक्षावाले असायचे, तिथं डोक्यावर छत्री पालथी घातलेल्या व्हॅनची रांग लागली. वार्ताहर मास्क लावून उभा. त्याचा आवाज मास्कमध्येच अडकायचा, त्यामुळं तो ओरडायचा, आणि ओरडल्यामुळं साधं वाक्यही इशाऱ्यासारखं ऐकू यायचं. स्टुडिओतली बाई विचारायची, “काय सांगशील, नेमकी काय परिस्थिती आहे तिथं?” तो सांगायचा, “इथं भीतीचं वातावरण आहे.” मग बाई आपल्याकडे वळून, पाठीमागं भोंग्याचं संगीत चालू असताना, लालभडक अक्षरांच्या शेजारून म्हणायची, “नागरिकांनी घाबरून जाऊ नये.” घाबरू नका हे वाक्य इतकं घाबरवणारं असू शकतं, हा शोध मराठी वृत्तवाहिन्यांच्या नावावर जमा व्हायला हवा.

रांगेतल्या एका गृहस्थाची मुलाखत माझ्या अजून लक्षात आहे.

“तुम्ही इथं कशासाठी आलात?”

“तपासणीला.”

“काही त्रास होतोय?”

“त्रास नाही. भीती वाटते.”

“भीती कशामुळं वाटते?”

“तुमच्या चॅनेलवर बघितलं ना काल.”

वार्ताहरानं हे वाक्य ऐकलं, कॅमेऱ्याकडे मान वळवली आणि गंभीरपणे म्हणाला, “बघितलंत, किती भीतीचं वातावरण आहे.” काल पेरलेलं आज कापायचं आणि उद्यासाठी त्यातलंच बी राखून ठेवायचं, असा हा बिनखर्चाचा उद्योग होता. पाऊस पडो न पडो, पीक बुडण्याची धास्ती नाही.

पडद्याच्या तळाशी पट्टी धावायची, तिच्यावर आकडे क्रिकेटच्या धावफलकासारखे हलत राहायचे: पुणे इतके, मुंबई इतके, नाशिक इतके. आणि धावफलक दिसला की आपला माणूस संघ निवडतोच. सकाळी दुधाच्या केंद्रावर एकानं विचारलं, “मुंबई किती?” दुसऱ्यानं आकडा सांगितला. पहिला म्हणाला, “म्हणजे आपणच पुढं.” त्या आवाजात काळजी होती हे नक्की, पण ती एकटी नव्हती. बाकी सगळ्या बाबतीत मुंबईनं मागं टाकलेलं हे शहर कशात तरी पहिलं आलं होतं.

नायडूबाहेरची ती रांग हे एक स्वतंत्र प्रकरण होतं. हजारो माणसं दिवसदिवस तिष्ठत होती. त्यात खरोखर तापानं फणफणलेले होते, साध्या सर्दीवाले होते, आणि ‘काही नाहीये, पण खात्री करून घ्यावी’ असं म्हणणारे बरेच होते. आजार नाही याची खात्री करून घेण्यासाठी तासन्‌तास आजारी माणसांना खेटून उभं राहायचं, आणि खोकला आला तर तोंड पुढच्याच्या मानेकडे करायचं. फ्लूच्या विषाणूला स्वतःच्या प्रसारासाठी अर्ज करायची मुभा असती, तर त्यानं यापेक्षा वेगळी व्यवस्था मागितली नसती.

सुरुवातीला घशातला नमुना तपासायचा तर तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतच (एनआयव्ही), त्यामुळं प्रत्येकालाच तो तिथं जायला हवा होता. एरवी शहरात जन्म काढलेल्यांनाही ही संस्था कुठं आहे हे सांगता आलं नसतं. आता पानवाला ‘एनआयव्हीचा रिपोर्ट’ असा शब्दप्रयोग सहज करू लागला. अखेर केंद्र सरकारनं रुग्णांचे गट पाडले. ‘अ’ गट म्हणजे सौम्य लक्षणं: घरी बसा, तपासणी नाही, टॅमीफ्लूच्या गोळ्या नाहीत. ‘क’ गट म्हणजे गंभीर: दाखल व्हा, तपासणी लगेच. बालवाडीपासून ‘अ’ श्रेणीसाठी जिवाचं रान करणाऱ्या या शहराला आयुष्यात पहिल्यांदा ‘क’ श्रेणी हवी होती. ‘अ’ गटात टाकलेली माणसं अपमान झाल्यासारखी बाहेर पडत. एका सद्गृहस्थांनी डॉक्टरांना बजावलं, “नीट बघा, मला आत्ता बोलताना धाप लागतेय.” डॉक्टर म्हणाले, “तुम्ही मघापासून भांडताय म्हणून लागतेय.”

पुण्याचा आणि साथीचा इतिहास फारसा गोड नाहीच. त्या ऑगस्टमध्ये सरकारनं साथीला आवर घालायला जो कायदा बाहेर काढला, तो होता १८९७ चा. प्लेगसाठी इंग्रजांनी केलेला. त्याच वर्षी प्लेग कमिशनर रँडचे गोरे शिपाई पुण्यातली घरं धुंडाळत रोगी शोधत होते, त्या अरेरावीनं शहर पेटलं आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. म्हणजे तेव्हा पुणेकर चिडले ते सरकार बळंच तपासतं म्हणून. एकशेबारा वर्षांनी त्याच कायद्याखाली तेच पुणेकर चिडले ते सरकार मागूनही तपासत नाही म्हणून. कायद्यात काही बदल झाला नसेल, पण रयत बरीच पुढं गेली होती.

आता मास्क. या विषयावर घाईघाईनं लिहून चालणार नाही.

तोवर मास्क ही वस्तू ऑपरेशन थिएटरमधली आणि जैन मुनींच्या मुखपट्टीशी थोडंफार नातं सांगणारी. दोन दिवसांत ती भाजीबाजारात आली. साधा हिरवा, तीन पदरी, सुती, रुमालाचा, बनियनच्या कापडाचा, असे प्रकार रस्त्यावर टांगले गेले. पण या सगळ्यांचा राजा एन-९५. या आकड्याचा अर्थ, हवेतले अतिसूक्ष्म कण निदान पंच्याण्णव टक्के अडवणारा, असा आहे. ग्राहकाला तो ठाऊक नव्हता आणि दुकानदारानं सांगितला नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये झालेला संवाद:

“एन-९५ आहे का?”

“संपला. संध्याकाळी येईल.”

“मग दुसरा काही? एन-९०, एन-८५ वगैरे?”

“आता ज्याला पंच्याण्णव म्हणताय तो दोनशेला जातोय, साहेब.”

“अहो पण मग नाव पंच्याण्णव कशाला ठेवलंय?”

एकदा मास्क मिळाला की तो घालायचा कुठं, हा पुढचा प्रश्न. नाकावर घातला तर श्वास कोंडतो, म्हणून नाकाखाली. तोंडावर घातला तर बोलता येत नाही, आणि न बोलता राहणं आमच्या भागात अशक्य, म्हणून हनुवटीवर. हनुवटीला घाम येतो, म्हणून गळ्यात. गळ्यातला मास्क हा सर्वांत लोकप्रिय ठरला. त्यानं माणूस जागरूक आहे हे कळायचं आणि तंबाखूही मळता यायची. मिसळीच्या दुकानात लोक मास्क कपाळावर चढवून रस्सा ओढत होते. मोबाइलवर बोलताना तो बाजूला करायचा हा तर अलिखित नियमच, जणू पलीकडच्याला ऐकू येण्यासाठी तोंडापेक्षा हवा मोकळी हवी. आणि एका दृश्यासाठी मी त्या विषाणूचा आजन्म ऋणी आहे: लक्ष्मी रस्त्यावर स्कूटर थांबवून एक गृहस्थ मास्क खाली ओढतात, भल्या मोठ्या आवाजात शिंकतात, आणि मास्क परत वर लावून आरोग्याचं भान राखत निघून जातात.

पुण्याच्या मुलींना मात्र या धावपळीचं काही सोयरसुतक नव्हतं. डोळे सोडून बाकी सगळं डोकं ओढणीत गुंडाळून स्कूटी चालवण्याची कला त्यांना केव्हापासूनच अवगत होती. कधी धुरासाठी, कधी उन्हासाठी, कधी ओळखीचे काका रस्त्यात भेटू नयेत यासाठी. ‘हे काय अतिरेक्यांसारखं तोंड बांधून फिरता’ म्हणून गेली कित्येक वर्षं त्यांच्यावर वाचकांच्या पत्रव्यवहारात तुटून पडणारे ज्येष्ठ नागरिक आता स्वतःच तोंड बांधून त्यांच्या शेजारी सिग्नलला उभे होते. कुणीही कुणाकडे बघितलं नाही.

औषधांचं म्हणाल तर टॅमीफ्लू सुरुवातीला दुकानात मिळत नव्हतं, सरकारी दवाखान्यातूनच मिळायचं. जी वस्तू दुकानात मिळत नाही ती आपल्याला लागणारच, हे आपण रेशनच्या काळापासून धरून चाललो आहोत. त्यामुळं ज्याला त्याला आपली ओळख आठवू लागली. कुणाचा मेव्हणा महापालिकेत, कुणाचा नगरसेवक शाळेतला बाकमित्र. ताप यायच्या आधी चिठ्ठी आणून ठेवणारे दूरदर्शी लोक मला माहीत आहेत.

ज्यांच्या ओळखी नव्हत्या त्यांच्यासाठी स्वयंपाकघर होतंच. कापूर आणि वेलदोडे रुमालात बांधून हुंगायचे, हा त्या ऑगस्टचा राष्ट्रीय कार्यक्रम होता. सरकारी कचेरीत शिरलं तर देवळात आल्यासारखं वाटायचं. वेलदोडे महाग झाले, कापूर तर आरतीला मिळेना. निलगिरीचं तेल, तुळस, गुळवेल, हळद, ओवा, सुंठ, सगळ्यांना बढती मिळाली. तेव्हा व्हॉट्सअॅप हाताशी नव्हतं, पण एसेमेस होते आणि दिवसभर ते येत होते. प्रत्येकाच्या शेवटी ‘कृपया दहा जणांना पाठवा’. एकदा संदेश आला, की टॅमीफ्लू चक्रीफुलापासून बनतं. हे अर्धसत्य होतं, म्हणून जास्त धोक्याचं. टॅमीफ्लूचा कच्चा माल असलेलं शिकिमिक आम्ल चक्रीफुलातून काढतात, हे खरंच. पण तिथून गोळीपर्यंत कारखान्यात बऱ्याच रासायनिक पायऱ्या चढाव्या लागतात. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त बँक अधिकारी काकांनी त्या पायऱ्या एका उडीत ओलांडल्या. “म्हणजे मालवणी मसाल्यातलं कोंबडीचं कालवण चार वेळा खाल्लं की कोर्स पुरा,” त्यांनी जाहीर केलं. काकू म्हणाल्या, “श्रावण आहे अहो.” केवळ या एका कारणानं वैद्यकशास्त्रातला एक महत्त्वाचा प्रयोग राहून गेला.

याच काकांच्या अध्यक्षतेखाली सोसायटीची तातडीची सभा झाली. साठेक माणसं गच्चीवरच्या खोलीत दाटीवाटीनं बसून गर्दी कशी टाळावी यावर दोन तास बोलली. लिफ्टमधून एका वेळी एकानंच जायचं असं ठरलं. दारात कापूर जाळायचा ठरलं. मग कुणीतरी विषय काढला, की घरकामाच्या बायका बाहेरून येतात, त्यांचं काय? त्यांनी मास्क लावूनच यावं, असा ठराव एकमतानं झाला. मास्क कुणी विकत घेऊन द्यायचा या पोटकलमावर मात्र एकमत होईना, तेव्हा ते पुढच्या सभेवर ढकललं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्या मावशींना हे सांगितल्यावर त्या भांडी घासता घासता म्हणाल्या, “दादा, आमच्या गल्लीत गेल्या पावसात डेंगीनं दोन माणसं गेली. तवा टीव्हीवाला कुणी आला न्हाई. आता मातुर आमच्या वस्तीत औषध मारायला गाडी आली. बरंच झालं की.” साऱ्या शहरात त्या साथीचा नफा-तोटा इतक्या शांतपणे मांडणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही.

गर्दी टाळण्यासाठी शाळा बंद झाल्या, सिनेमागृहं बंद झाली, मॉल बंद झाले. मुंबईतही शाळांना आठवडाभर कुलूप लागलं. १४ ऑगस्टला गोकुळाष्टमी होती. कितीतरी मंडळांनी दहीहंडी रद्द केली. सरकारचा हेतू चांगला होता आणि विचारही शास्त्राला धरून होता. फक्त पोरांना सुट्टी दिली की आईबाप काय करतात, हे शास्त्रात लिहिलेलं नसतं. शाळा बंद, सिनेमा बंद, बाहेर पाऊस. मग पोरांना घेऊन लोक लोणावळ्याला गेले. वर्गात पन्नास मुलांत बसायचं नाही म्हणून भुशी धरणाच्या पायऱ्यांवर हजारोंच्या अंगाला अंग लावून बसले, एकाच कणसावर आळीपाळीनं लिंबू चोळलं आणि मोकळ्या हवेत आल्याचं समाधान मानलं. मंडई चालू होती, पीएमपीच्या बसमध्ये माणसं दारात लोंबकळत होती, पण तिथं कॅमेरा नव्हता, सबब तिथं विषाणूही नव्हता.

या सगळ्यात कुणी अतिशहाणा म्हणायचा, की अहो, देशात क्षयरोगानं वर्षाकाठी लाखांच्या घरात माणसं जातात, त्याचं काय? बरोबर होतं त्याचं. पण क्षयाची बातमी होत नाही याचं कारण साधं आहे. तो रोज असतो. बातमीला नवं लागतं, पहिलं लागतं. देशातला पहिला रुग्ण, शहरातला पहिला बळी, पहिला डॉक्टर, पहिलं बाळ. ‘पहिला’ संपला की वार्ताहराची पंचाईत होते. क्षयरोगानं आपला पहिला बळी घेतला तेव्हा छापखानाच निघाला नव्हता, ही त्याची चूक म्हणायची.

आणि उलटही होतं. १० जून १९१८ ला मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापानं रुग्णालयात दाखल झाले, तिथून देशात जी साथ पसरली तिला आपल्याकडे मानमोडी म्हणत. त्या साथीत हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसं दगावली. तिकडं युरोपात महायुद्ध चाललं होतं आणि लढणाऱ्या देशांतली वर्तमानपत्रं सरकारच्या कात्रीखाली होती. स्पेन युद्धात नव्हता, म्हणून तिथल्या पत्रांनी मोकळेपणी छापलं, राजा आल्फोन्सो आजारी पडल्याचंही छापलं. बक्षीस म्हणून सगळ्या जगाचा ताप स्पेनच्या नावावर चढला. साथीची बातमी देणाऱ्यावरच साथीचं खापर, हा रिवाज तेव्हापासूनचा असावा. २००९ मध्ये आम्ही त्याची भरपाई केली; आजार कमी आणि बातमी उदंड.

मग गणपती आले. २३ ऑगस्टला प्राणप्रतिष्ठा. आठवडाभर आधी शहर रिकामं करायला निघालेले लोक मानाच्या गणपतींपुढं रांगेत उभे राहिले. मास्क होते, पण ढोलाच्या ठोक्याबरोबर ते हळूहळू खाली सरकत गेले. कित्येक मंडळांनी स्वाईन फ्लूवरच जागृतीचे देखावे केले, आणि ते बघायला इतकी गर्दी लोटली की जागृती श्वास घेऊ शकेना. २ सप्टेंबरला आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर बेपत्ता झालं आणि पडद्यावरची पट्टी तिकडं वळली. मागोमाग विधानसभेची निवडणूक लागली. १३ ऑक्टोबरला मतदान. नायडूबाहेरच्या व्हॅन प्रचारसभांना गेल्या, चहाची गाडी जागेवर आली. विषाणू मात्र कुठंच गेला नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आता तो बातमीत नाही.

आकडे बघा. सरकारी नोंदीनुसार २००९ मध्ये या आजारानं देशात ९८१ माणसं गेली. २०१० मध्ये १,७६३. म्हणजे दुपटीला थोडीच कमी. २०१० मध्ये तुम्ही कापूर हुंगला होता? मीही नाही. २०१५ मध्ये तर हा आकडा २,९९० वर गेला. त्या वर्षी बातम्या झाल्या, पण ऑगस्ट २००९ चं वैभव परत आलं नाही. विषाणूचा आलेख वर जात होता आणि भीतीचा केव्हाच खाली येऊन बसला होता. दोघांची कधी नीट गाठच पडली नाही.

जुलै २०१० मध्ये लस आली. आमच्याच पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली. सुई नाही, नाकात फवारा मारायचा, झालं. वर्षापूर्वी हीच लस आली असती तर तिच्यासाठी लक्ष्मी रस्त्यावर लाठीमार झाला असता. आता आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात तिची पाटी लागली होती आणि खाली चौथ्या मजल्यावरचे काका बसले होते.

“घेऊन टाका काका,” डॉक्टर म्हणाले.

“केवढ्याला आहे?”

डॉक्टरांनी सांगितलं.

“आणि टिकते किती?”

“वर्षभर धरा.”

“नाकात काही घातलं की मला शिंका येतात हो,” काका म्हणाले. “आणि आता ती साथ संपलीच की.”

“संपली कुठली? यंदा जास्त पेशंट आहेत. परवाच एक दाखल केला.”

काकांनी डॉक्टरांकडे संशयानं बघितलं. मग भिंतीवरच्या टीव्हीकडे बघितलं. तिथं कुणाची तरी पत्रकार परिषद चालू होती. पट्टीवर पेट्रोलचे भाव सरकत होते. त्यांनी पट्टीची एक पूर्ण फेरी संपेपर्यंत वाट पाहिली.

“नाहीये,” ते म्हणाले आणि शर्टाची बाही वर करून हात पुढं केला. “तुम्ही आपलं बीपी बघा.”